अकरावीला गणित ठेवायचं का?

कला, डिझाइन, वास्तुकला आणि रंगभूमीकडे निघालेल्या मुलांच्या घरून आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं दिली आहेत. परीक्षांच्या तारखा दरवर्षी मागेपुढे होतात. इथे दिलेत ते अलीकडच्या वर्षांतले महिने. अर्ज भरताना चालू वर्षाची माहितीपुस्तिका समोर हवीच.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. वह्यांची मागची पानं, कॅलेंडरचे कोपरे, काही सोडत नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘अ’ श्रेणी मिळाली. तिला ‘डिझाइन’ करायचंय, पण म्हणजे नेमकं काय ते तिलाही सांगता येत नाही. तिचे बाबा म्हणतात, सायन्स घे, पुढचं पुढे बघू. चित्रकलेच्या बाई म्हणतात, आर्ट्स घे आणि थेट मुंबईच्या ज.जी. कलाशाळेची तयारी कर. ऐकायचं कोणाचं?
— एक आई, सांगली

उत्तर : दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. भांडण खरं तर शाखेचं नाही, एका विषयाचं आहे : गणित.

बीएफए (ललित कलेची पदवी) आणि बी.डेस. (डिझाइनची पदवी) या दोन्हींना बारावीची कोणतीही शाखा चालते. आयआयटी मुंबई घेते ती बी.डेस.ची यूसीड, एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट, निफ्टची (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची) बी.डेस.साठीची परीक्षा आणि राज्याच्या सीईटी सेलची बीएफएसाठीची एएसी सीईटी, यांतल्या कशालाही सायन्सची अट नाही. आयआयटीतल्या बी.डेस.ला जेईई लागत नाही, हे तर पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. अडतं ते वास्तुकलेपाशी. पाच वर्षांच्या बी.आर्क.ला (वास्तुकलेच्या पदवीला) बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित असावंच लागतं. अकरावीला गणित सोडलं की ते दार बंद, आणि ते पुन्हा उघडायचं तर दोन वर्षं खर्ची पडतात. (दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा करून बी.आर्क.ला जाता येतं, पण तो हिशेब आताच मांडायला हवा.)

म्हणून आधी एवढंच ठरवा, वास्तुकला तिच्या यादीत आहे की नाही? असेल किंवा ‘असेलही’ असं वाटत असेल, तर सायन्स घ्या, गणित ठेवा आणि जीवशास्त्र सोडा. यादीत नसेलच, तर केवळ ‘सेफ’ म्हणून सायन्स घेऊ नका. प्रॅक्टिकल, जर्नल आणि क्लास यांत हाताचा सराव पहिल्यांदा सुटतो. अकरावी-बारावीची ती दोन वर्षं बिनसरावाची गेली की बारावीच्या दिवाळीत क्रॅश कोर्स शोधायची वेळ येते.

आता ‘डिझाइन’ म्हणजे काय. तीन अभ्यासक्रमांतला फरक पुस्तिका वाचून कळत नाही, त्यांतलं रोजचं काम करून कळतो. दहावीची परीक्षा संपली की तिला चार कामं द्या. प्रत्येकाला आठवडा-दीड आठवडा पुरे.

पहिलं : एसटी स्टँड, मंडई किंवा देवळाच्या पायऱ्यांवर बसून माणसांची रेखाटनं. रोज दहा, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. फोटोवरून नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी नावीन्य संपतं. त्यानंतरही ती आपणहून वही उचलते का, ते बघायचं. बीएफएतल्या रंग-रेखा कलेचा (पेंटिंगचा) आणि शिल्पकलेचा कणा हाच.

दुसरं : वसाहतीतल्या एखाद्या खऱ्या कार्यक्रमाचं पोस्टर, मराठीत. अक्षरं हातानं काढायची. भिंतीवर लावून दहा फुटांवरून तारीख, वेळ आणि ठिकाण वाचता येतं का पाहायचं. बहुतेक मुलं चित्र आधी काढतात आणि उरलेल्या जागेत अक्षरं कोंबतात. हे लक्षात आल्यावर पोस्टर दुसऱ्यांदा करायची हौस असेल, तर उपयोजित कला (कमर्शियल आर्ट) तिला जमेल.

तिसरं : घरातली एक अडचण. आजीला गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचता येत नाही, सकाळची गोळी रात्री घेतली जाते. तीन वयस्कर माणसांना गोळ्या घेताना नुसतं पाहायचं, प्रश्न नंतर विचारायचे. दहा कच्च्या कल्पना कागदावर काढायच्या, एक पुठ्ठ्यातून करायची आणि आजीला आठवडाभर वापरायला द्यायची. आजी म्हणणार, ‘याचं झाकण उघडत नाही गं.’ तिथे मूल रुसतं की कात्री घेऊन बसतं, यावर बी.डेस.चा निम्मा अंदाज येतो. चित्र उत्तम असूनही इथे कंटाळणारी मुलं पुष्कळ असतात. त्यात वाईट काही नाही, त्यांची जागा बीएफए.

चौथं : टेप घेऊन आपल्या घराचं माप काढायचं आणि 1:50 प्रमाणात नकाशा काढायचा. तीन मीटरची भिंत कागदावर सहा सेंटिमीटर. दार कोणत्या बाजूला उघडतं, जिन्याच्या पायऱ्या किती, एकेकीची उंची किती. भिंतीची जाडी धरायला विसरलं की खोल्यांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळत नाही, आणि मग कुठे चुकलं ते शोधावं लागतं. हा शोध ज्याला आवडतो त्यानं वास्तुकलेचा विचार करावा.

इंटरमिजिएटच्या ‘अ’ श्रेणीबद्दल. तिचे दहावीला 7 वाढीव गुण मिळतात (‘ब’ला 5, ‘क’ला 3), त्यांचा प्रस्ताव शाळेनं वेळेत पाठवला का ते विचारून घ्या. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव झाल्याची ती पावती आहे आणि एएसी सीईटीला तो थेट उपयोगी पडतो. पण त्यावरून बी.डेस.चा अंदाज बांधू नका. तिथे पुठ्ठ्याच्या डबीचं काम जास्त बोलतं.

ज.जी.बद्दल दोन गोष्टी. तिथे एक कॉलेज नाही. 1857ची कलाशाळा, 1958मध्ये वेगळी झालेली उपयोजित कला संस्था आणि वास्तुकला महाविद्यालय अशा तीन संस्था एका आवारात आहेत, आणि 2023मध्ये त्यांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिथल्या प्रवेशाची सूचना त्यांच्याच संकेतस्थळावर वेगळी पाहायची. ‘सीईटी दिली म्हणजे झालं’ असं धरून चालू नका. दुसरं, सरकारी चित्रकला महाविद्यालयं नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत. सांगलीहून पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय जवळ पडतं. पसंतीक्रमात एकच नाव लिहून बसणं हा कॅप राउंडमधला (केंद्रीभूत प्रवेशफेरीतला) सगळ्यात महागात पडणारा हट्ट.

नोकरीचं तिच्या बाबांना खरंच सांगायला हवं. उपयोजित कलेतून जाहिरात, पॅकेजिंग, ॲपचे पडदे अशी कामं तुलनेनं लवकर मिळतात. रंग-रेखा कला घेऊन बाहेर पडणाऱ्यांची पहिली काही वर्षं शिकवण्या, शाळा आणि सांगून करून घेतलेली कामं यांवर जातात. हे ठाऊक असूनही मुलगी चित्रकलाच मागत असेल, तर तो तिचा पक्का निर्णय समजा.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. यूसीड, एनआयडी, निफ्ट आणि एएसी सीईटी, चारही द्यायच्या आहेत. इथे या परीक्षांचा क्लास नाही. रोज दीड तास देऊ शकतो. जमेल का? चित्र बरं येतं, पण माणसं लहानमोठी होतात.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : जमेल. चारही परीक्षांची तयारी वेगवेगळी करायची नाही, एवढं फक्त पाळ.

आधी वर्षाचा आराखडा. यूसीडचे अर्ज ऑक्टोबरच्या आसपास निघतात, परीक्षा जानेवारीत. एनआयडीची पूर्वपरीक्षा डिसेंबरात किंवा जानेवारीच्या सुरुवातीला. निफ्ट जानेवारी-फेब्रुवारीत. मग बोर्ड. एएसी सीईटी आणि एनआयडीची मुख्य परीक्षा बोर्डानंतर. म्हणजे तुझं खरं काम दिवाळीच्या आधी संपायला हवं. बारावी झाल्यावर तयारीला लागू म्हणणाऱ्यांच्या हाती त्या वर्षी एएसी सीईटी आणि खासगी कॉलेजांच्या परीक्षाच उरतात.

यूसीडचे दोन भाग. ‘अ’ भाग संगणकावर, 2 तास, 200 गुण. ‘ब’ भाग कागदावर, 1 तास, 100 गुण : एक रेखाचित्राचा प्रश्न आणि एक डिझाइनचा. गोम अशी की ‘अ’ भागात ठरावीक रेषेच्या वर आलेल्यांचाच ‘ब’ भाग तपासला जातो. हात कितीही चांगला असो, ‘अ’ गडगडला तर चित्र कुणी बघतच नाही. आणि ‘अ’मध्ये काय असतं? घडी घातलेला कागद भोक पाडून उघडला तर कसा दिसेल, दातेरी चाकांच्या साखळीतलं शेवटचं कुठल्या दिशेला फिरेल, ठोकळ्यांच्या रचनेला एकूण किती पृष्ठं आहेत. उत्तर आकड्यात भरायच्या प्रश्नांना चुकीचे गुण कापत नाहीत, तेव्हा तिथे एकही जागा कोरी ठेवायची नाही. बाकी दोन प्रकारांत, म्हणजे पर्यायांतून एक किंवा अनेक उत्तरं निवडायची असतात तिथे, चुकलं की कापतात. जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह यूसीडच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, तुझा क्लास तोच. दर रविवारी घड्याळ लावून एक सोडव. कॅल्क्युलेटर नाही.

चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही कर आणि समोर कारण लिही : आकृती डोक्यात फिरली नाही, प्रश्न घाईत वाचला, की माहितीच नव्हती. पाच-सहा रविवारांनी कोणतं कारण सारखं येतंय ते दिसेल. पहिलं असेल तर साबणाच्या वड्या कापून, कागदाच्या घड्या घालून हातानं करून बघ. नुसत्या आणखी प्रश्नपत्रिका सोडवून ते सुधारत नाही.

आता लहानमोठ्या माणसांचं दुखणं. ते जवळजवळ सगळ्यांना असतं आणि त्याचं कारण एकच. क्षितिजरेषा न आखता माणसं काढायला घेतली जातात. कागदावर आधी आडवी रेषा मार, ती तुझ्या डोळ्यांची पातळी. तू उभा राहून मंडई बघतोयस, जमीन सपाट आहे, तर तुझ्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे त्याच रेषेवर येतील, माणूस जवळ असो की लांब. लांबच्याचे पाय फक्त वर सरकतात. बसलेल्या भाजीवाल्या, मुलं, टोपल्या सगळं रेषेखाली. टेम्पोचं टप, ताडपत्री रेषेच्या वरच्या बाजूला. प्रश्नात ‘पहिल्या मजल्याच्या खिडकीतून’ असं असेल तर रेषाच वर जाते आणि सगळी माणसं तिच्याखाली येतात. एवढं एक नीट कळलं की स्मरणचित्र, यूसीडचा ‘ब’ भाग आणि निफ्टचं चित्र, तिन्ही एकदम सुधारतात.

माप लक्षात ठेव : मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, पाच-सहा वर्षांच्या मुलाची साडेपाच-सहा. मूल म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस असं काढलं की ते बुटकं म्हातारं दिसतं.

वस्तुचित्रात हमखास चुकते ती लंबवर्तुळं. टेबलावरचा तांब्या वरून दिसतो, तेव्हा त्याच्या तोंडाचं लंबवर्तुळ चपटं आणि बुडाचं जास्त फुगीर असतं, कारण बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली आहे. मुलं तोंड गोल काढतात आणि बुडाला सरळ रेष मारतात. मग तांब्या हवेत तरंगतो.

दीड तासाची वाटणी अशी कर : पंचवीस मिनिटं माणसं, पंचवीस मिनिटं एखादी वस्तू किंवा खोलीचा कोपरा, उरलेली चाळीस ‘अ’ भागाचे प्रश्न. एचबी, 2बी, 4बी, 6बी आणि साधे कोरे कागद एवढं सामान पुरे. महागड्या मार्करांच्या संचानं कुणाचा परस्पेक्टिव्ह सुधारलेला नाही. दसऱ्यानंतर बारा रंगांचे पोस्टर कलर काढ आणि एएसी सीईटीच्या संकल्पचित्रासाठी आठवड्याला एक रंगीत काम पूर्ण कर. पूर्ण म्हणजे कडा भरून. अर्धवट सुंदर चित्रापेक्षा पूर्ण साधं चित्र गुण देऊन जातं. निफ्टमध्ये बी.डेस.ला सर्जनशीलता चाचणीचा वाटा 50 टक्के, सामान्य क्षमता चाचणीचा 30 आणि प्रत्यक्ष वस्तू करायच्या सिच्युएशन टेस्टचा 20 असतो. त्या शेवटच्या टप्प्यासाठी तार, सुतळी, पुठ्ठा, फेविकॉल यांत हात घाल. घाईत चिकटवलेलं ऐन वेळी सुटतं. खाच पाडून अडकवायची सवय ठेव.

एनआयडी मुख्य परीक्षेपर्यंत गेलास किंवा खासगी कॉलेजात मुलाखत असली तर आपल्या कामाची फाइल लागू शकते. बारा ते पंधरा कामं बस्स, त्यांतली दोन-तीन पहिल्या कच्च्या रेघेपासून शेवटच्या रूपापर्यंत टप्प्यांनी दाखवलेली. मोबाइलवर पाहून उतरवलेले नट-नट्यांचे चेहरे आणि देवांची चित्रं बाहेर ठेव. ती प्रत्येक फाइलमध्ये असतात.

अटींचं : यूसीड सलग दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा देता येते. एनआयडीला 20 वर्षांच्या आतलं वय लागतं, राखीव गटांना 3 वर्षं सवलत. निफ्टला 24 वर्षांच्या आत. म्हणजे पहिल्या वर्षी हुकलं तर एक वर्ष थांबायला जागा आहे. मात्र ‘थांबू’ असं ठरवायच्या आधी बीएफएचा प्रवेश हातचा सोडू नकोस.

आणि दाखले ऑक्टोबरच्या आधी. आयआयटी, एनआयडी, निफ्ट या केंद्राच्या संस्था आहेत, त्यांना ओबीसीचा नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघ, राज्याच्या यादीत असून तिथे नसलेल्या जाती आहेत. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला फक्त राज्यात चालतो. त्या गटातल्यांनी केंद्रासाठी ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल गटाचा) विचार करावा, मात्र त्यात आठ लाखांच्या उत्पन्नाबरोबर पाच एकर शेतजमिनीचीही मर्यादा आहे. तहसीलला हे सांगितलं नाही तर राज्याच्या नमुन्यातला दाखला हातात पडतो आणि तो नाकारला जातो.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा. शाळेतल्या डोळे तपासणीत रंगांधत्व निघालं. जांभळा आणि निळा यांत गल्लत होते, कधी तपकिरी-हिरव्यात. रेखाटनं मात्र फार चांगली. त्याला फिल्म नाहीतर डिझाइन करायचंय. सगळे म्हणतात, नाद सोड.
— एक वडील, रत्नागिरी

उत्तर : नाद सोडायचं कारण नाही. शाळेतली तपासणी चाळणीपुरती असते. नेत्रतज्ज्ञाकडून प्रकार आणि तीव्रता लेखी घ्या. लाल रंगाची जाणीव कमी आहे की हिरव्याची, आणि किती, यावर पुष्कळ काही ठरतं. ‘रंग दिसायला लावणारे’ चष्मे विकले जातात. त्यांनी काही छटांमधला फरक ठळक होतो, पण दृष्टी सर्वसामान्य होत नाही. अख्खी रक्कम तिथे घालू नका.

फिल्मबद्दल : पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत) काही अभ्यासक्रमांना रंगांधत्वाची आडकाठी होती. एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अमान्य केली आणि अशा उमेदवारांना सगळ्या अभ्यासक्रमांना प्रवेश द्यायला सांगितलं. तिथले बहुतेक मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, तेव्हा घाई नाही. इतर संस्थांच्या पुस्तिकेतली वैद्यकीय अट मात्र अर्जाआधी वाचा.

कामात अडचण कुठे येईल? कापडाच्या रंगाई-छपाईत रंग जुळवणं, छापील प्रूफ तपासणं, चित्रपटाचं कलर ग्रेडिंग, म्हणजे दृश्यांचे रंग जुळवणं. अडचण जवळपास नाही ती वस्तूंच्या घडणीत, शिल्पात, अक्षररचनेत, काळ्या-पांढऱ्या रेखाटनात, वास्तुकलेत, स्टोरीबोर्डमध्ये. ॲपच्या पडद्यांच्या कामात तर रंगावर विसंबून न राहता आकार आणि अक्षरांनी अर्थ पोचवावा लागतो. ती गोष्ट त्याला कुणी शिकवावी लागणार नाही.

आतापासून सवयी लावा. प्रत्येक पेन्सिलीवर, ट्यूबवर रंगाचं नाव चिकटवायचं. पॅलेटवर रंग कायम एकाच क्रमानं मांडायचे. संगणकावर रंग नजरेनं न निवडता त्याच्या आकड्यांनी निवडायचा. काम झाल्यावर मोबाइलवर काळ्या-पांढऱ्यात फोटो काढून उजेड-सावली तपासायची. उजेड-सावलीचा तोल अशा मुलांकडे बरेचदा चांगला असतो, कारण त्यांची सगळी भिस्त त्यावरच असते. परीक्षेत रंगकाम असेल तिथे तीन-चारच खात्रीचे रंग वापरायचे, लाल-हिरवी जोडी टाळायची.

प्रश्न : ॲनिमेशनच्या पदवीसाठी एका खासगी संस्थेत गेलो होतो. वर्षाला चार लाख. ‘दोनच जागा उरल्यात, आज पंचवीस हजार भरा’ म्हणाले. नोकरीची शंभर टक्के हमी लेखी देतो म्हणतात. पदवी दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाची आहे. भरावे का?
— एक पालक, जळगाव

उत्तर : आज नका भरू.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू. दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवायची किंवा तिथल्या संस्थेला पदवीसाठी संलग्न करून घ्यायची परवानगी नाही. त्यामुळे जळगावात बसून ती नियमित पदवी मिळणार कशी, हा पहिला प्रश्न. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत असेल, पण ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ या उत्तरानं तो सुटत नाही. ‘या पत्त्यावरच्या या अभ्यासक्रमाला मान्यता आहे’ असा कागद मागा. तो नसेल तर तुम्ही चार लाखांचं प्रमाणपत्र घेताय असं धरा. प्रमाणपत्र वाईट असतं असं नाही. ॲनिमेशनमध्ये काम पाहून नोकरी देतात, पदवी पाहून क्वचित. पण मग ते प्रमाणपत्राच्या भावानं घ्यावं, आणि मुलानं बाहेरून साधी पदवीही करत राहावी. पुढे पदव्युत्तर शिक्षण, परदेश किंवा सरकारी नोकरी म्हटलं की पदवी आठवते.

मग काम बघा. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या सगळ्यांच्या शोरील (निवडक कामाच्या छोट्या चित्रफिती) मागा, भिंतीवरच्या दोन टॉपर मुलांच्या नको. मधल्या मुलाचं काम कसं आहे, तो तुमच्या मुलाचा खरा अंदाज. पहिल्या वर्षाचं वेळापत्रक मागा. त्यात रेखाटन, मानवी आकृती, हालचालीचा अभ्यास, स्टोरीबोर्ड यांचे तास किती आणि सॉफ्टवेअरचे किती? नुसती सॉफ्टवेअरं शिकवणारी संस्था दोन-तीन वर्षांत जुनं होणारं ज्ञान विकते. आपल्याकडे या धंद्यात नवशिक्याला पहिलं काम मिळायचं ते बहुधा रोटोस्कोपी किंवा क्लीनअपचं, म्हणजे एकेक फ्रेम कोरून वेगळी करण्याचं, आणि नेमकं तेच काम आता यंत्रांकडे सरकतंय. ‘हमी’च्या नोकऱ्या त्याच असतील तर त्या हमीला अर्थ नाही. हमीच्या कागदावर पगार, पद आणि हमी रद्द होण्याच्या अटी वाचा. हजेरी, ‘ॲप्टिट्यूड’, मुलाखतीला न जाणं अशी पळवाटांची रांग तिथेच लागलेली असते.

पैसे परत मिळण्याचं. विद्यापीठं आणि संलग्न कॉलेजांना यूजीसीचा 2018चा नियम लागू आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी नाव काढलं तर सगळी फी परत (प्रक्रिया शुल्क थोडं कापून), 15 दिवसांच्या आत पण अंतिम तारखेआधी 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80, पुढे 30 दिवसांपर्यंत 50, आणि नंतर काही नाही. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवायलाही त्यात मनाई आहे; तपासून लगेच परत द्यायचे. संस्था संलग्नच नसेल तर हे कवच तुम्हाला मिळणार नाही, मग पावतीमागे बारीक अक्षरात जे छापलंय तेच खरं. आणखी एक सापळा ‘सोप्या हप्त्यां’चा. ते हप्ते बरेचदा संस्थेचे नसतात, फायनान्स कंपनीचं तुमच्या नावचं कर्ज असतं. मुलानं तीन महिन्यांनी कोर्स सोडला तरी हप्ता चालूच राहतो. सही करण्यापूर्वी कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा.

प्रश्न : भाचा कविता करतो, शाळेच्या नाटकात दोनदा बक्षीस मिळालं. बारावीनंतर फक्त नाटकच म्हणतो. नाटकाची पदवी असते का?
— एक मामा, अहिल्यानगर

उत्तर : असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटक, नृत्य आणि संगीत यांची पदवी करता येते, प्रवेश निवडचाचणीनं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी इथले अभ्यासक्रम पदवीनंतरचे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवीबरोबर नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभवही दाखवावा लागतो, तेव्हा पहिल्या वर्षापासून पत्रिका, कात्रणं, प्रयोगाचे फोटो एका जागी ठेवा.

पण मराठी मुलाचं नाटकाचं शिक्षण पुष्कळदा वर्गाबाहेरच होतं, एकांकिका स्पर्धांत. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक महाविद्यालयीन मुलांसाठीच आहे. म्हणून साध्या बी.ए.ला घालणार असाल तर कॉलेज त्याच्या नाट्यमंडळावरून निवडा. गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या स्पर्धांत एकांकिका उतरवल्या, तालमीला जागा कुठे मिळते, नवीन मुलांना लिहायला देतात की फक्त प्रकाशयोजनेचे खांब धरायला, हे तिथल्या मुलांना विचारा. 75 टक्के हजेरीचं तालमीच्या दिवसांत काय करतात, हेही. सवलत देणारी कॉलेजं आहेत आणि मुलाचं सत्र अडवणारीही. विषय घेताना मराठी साहित्य किंवा मानसशास्त्र घेतलं तर लिहिणाऱ्या मुलाला कामी येतं.

प्रश्न : मुलीला बीएफएला फी माफ होते असं ऐकलं. खरं का?
— एक आई, परभणी

उत्तर : जुलै 2024च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असेल तर. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. तुम्ही पाहताय ते बीएफए महाविद्यालय आणि तो अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. प्रवेश झाल्यावर अर्ज महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर करायचा, आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. वसतिगृह, मेस आणि रंग-कागदाचा खर्च यात येत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद धरा, कारण बीएफएला सामानाचा खर्च चारही वर्षं चालू असतो. मुलीच्या आधार कार्डाला बँक खातं जोडलेलं आहे ना, तेही आताच बघून घ्या. नाहीतर मंजूर झालेली रक्कम जमा होत नाही आणि कॉलेज फीसाठी मागे लागतं.